श्रोत्यांचा हुंकार : अरेथा फ्रँकलिन यांची ‘अमेझिंग ग्रेस’ ही ध्वनिमुद्रिका

१

संगीताच्या इतिहासात रचनाकाराची नोंद राहते, गायकाची राहते. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण करणाऱ्या कंपनीचीही राहू लागली. ऐकणाऱ्याची नोंद मात्र बहुधा कोठेच राहत नाही. एखादी ध्वनिमुद्रिका लोकांना प्रिय झाली असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या हाती पुरावा असतो तो विक्रीच्या आकड्यांचा. परंतु आकड्यावरून एवढेच कळते की तबकडी विकत घेतली गेली. ती कशी ऐकली गेली, कोणत्या शब्दापाशी ऐकणाऱ्याच्या तोंडून उद्गार निघाला, हे आकडा सांगत नाही. श्रोत्यांच्या प्रेमाचा इतिहास लिहू पाहणाऱ्यापुढील मुख्य अडचण ती हीच.

या अडचणीतून वाट काढण्यास उपयोगी पडेल असे एक उदाहरण प्रस्तुत लेखात विचारार्थ घेतले आहे. अमेरिकेतील सोल संगीताच्या अग्रगण्य गायिका अरेथा फ्रँकलिन (१९४२–२०१८) यांनी जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका चर्चमध्ये लागोपाठ दोन रात्री भक्तिगीते गायिली. त्यांचा दोन तबकड्यांचा संच ‘अमेझिंग ग्रेस’ या नावाने त्याच वर्षी जूनमध्ये अटलांटिक कंपनीने प्रसिद्ध केला. एकट्या अमेरिकेत त्याच्या वीस लक्षांहून अधिक प्रती खपल्या, आणि अरेथाबाईंच्या सर्व संचांत सर्वाधिक खपलेला संच म्हणून त्याचीच गणना होते. प्रेमगीतांमुळे कीर्तीच्या शिखरावर पोहोचलेल्या गायिकेचा सर्वांत प्रिय ठरलेला संच भक्तिगीतांचा असावा, आणि ज्यांचा त्या धर्माशी काही संबंध नाही अशांनीही तो अर्धशतकाहून अधिक काळ जवळ बाळगावा, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे.

याची दोन कारणे सामान्यतः दिली जातात. पहिले, आवाजाचे अलौकिक सामर्थ्य. दुसरे, कलावतीचे आपल्या बालपणीच्या चर्चकडे परतणे. पहिले कारण खरे असले तरी ते याच संचाला विशेषत्वाने लागू पडत नाही; आवाज तर त्यांच्या इतर ध्वनिमुद्रिकांतही तोच आहे. दुसऱ्या कारणाच्या खरेपणाविषयीच शंका घेण्यास जागा आहे. भाषाशास्त्राचा विद्यार्थी या नात्याने मला असे वाटते की, या संचाच्या दीर्घायुष्याचे कारण त्यात ध्वनिमुद्रित झालेल्या श्रोत्यांमध्ये शोधावयास हवे.

२

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील उपासना हा एकट्या पाळकाचा व्यापार नाही. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रख्यात ग्रंथात उपदेशक, संगीत आणि मंडळीचा भावावेश ही या उपासनेची तीन अंगे सांगितली आहेत. तिसरे अंग हे पहिल्या दोहोंचा केवळ परिणाम नव्हे. पाळक वाक्याचा एक तुकडा उच्चारून थांबतो, मंडळी त्यास ओ देते; त्या ओवरून पाळकाला पुढील तुकड्याची पट्टी, गती आणि जोर कळतो. जिनिव्हा स्मिदरमन या विदुषींनी १९७७ मधील आपल्या ग्रंथात या हाक-ओच्या पद्धतीचे भाषिक विवेचन केले असून, तीत वक्ता व श्रोता यांच्यातील भिंत नाहीशी होते, या गोष्टीवर भर दिला आहे.

गोष्ट सांगणाऱ्यास हुंकार देणारा लागतो, हे आपणांस अपरिचित नाही. परंतु आपल्याकडील हुंकार ‘मी ऐकत आहे, पुढे सांग’ एवढेच सांगतो. त्या उपासनेतील ओचे कार्य याहून व्यापक आहे. ‘होय’, ‘आमेन’ यांसारख्या उद्गारांनी मंडळी साक्ष देते. गाणारा अडखळला तर त्याला धीर देते. त्याचे बोलणे खरे वाटले नाही तर गप्प राहते. म्हणजे ओ न मिळणे हाही एक अभिप्रायच असतो. मंडळी ही येथे एकाच वेळी साक्षीदार, परीक्षक आणि सहगायक असते.

अरेथाबाईंची घडण याच वातावरणात झाली. त्यांचे वडील रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन हे १९४६ पासून डेट्रॉइट येथील न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाळक होते. बोलता बोलता सुरावर जाणारी त्यांची उपदेशाची पद्धती एवढी लोकप्रिय होती की, त्यांच्या उपदेशांच्या तबकड्या निघत आणि घरोघरी ऐकल्या जात. त्या तबकड्यांतही पाळकाच्या आवाजाबरोबर मंडळीचा आवाज होताच. म्हणजे ओसहित ध्वनिमुद्रण ही गोष्ट त्या श्रोतृवर्गास १९७२ च्या पूर्वीपासून परिचयाची होती. खुद्द अरेथाबाईंचे पहिले ध्वनिमुद्रण १९५६ मध्ये, त्यांच्या चौदाव्या वर्षी, वडिलांच्याच चर्चमध्ये झाले. त्या वेळी गायिलेल्या गीतांपैकी ‘प्रेशस लॉर्ड’ आणि ‘नेव्हर ग्रो ओल्ड’ ही दोन्ही गीते १९७२ च्या संचातही आहेत. त्यांतील पहिले थॉमस डॉर्सी यांनी १९३२ मध्ये, पत्नी व नवजात अपत्य यांच्या मृत्यूनंतर रचले होते.

३

आता ‘परतण्या’च्या मताकडे वळू. धार्मिक व लौकिक अशी दोन वेगळी क्षेत्रे असून अरेथाबाई एकातून दुसऱ्यात गेल्या आणि कालांतराने परत आल्या, असे या मतात गृहीत धरलेले आहे. परंतु ही क्षेत्रे कोणी आखली, हे पाहावयास हवे. आणि तेथे शब्दांचा इतिहास उपयोगी पडतो.

कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या विक्रीची कोष्टके अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ हे व्यापारी नियतकालिक छापीत असे. १९४९ च्या जूनपर्यंत त्या कोष्टकाच्या शीर्षकात ‘रेस’, म्हणजे वंश, हा शब्द होता. त्या वर्षी त्याच्या जागी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव आले, आणि ऑगस्ट १९६९ मध्ये ‘सोल’ हे नाव आले. ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हे नाव सुचविणारे तरुण पत्रकार जेरी वेक्सलर हे पुढे अटलांटिक कंपनीत गेले, आणि ‘अमेझिंग ग्रेस’च्या निर्मात्यांत अरीफ मार्डिन व स्वतः अरेथाबाई यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. ज्या व्यक्तीने या संगीताच्या एका कप्प्याला नाव दिले, तीच कप्प्यांची भिंत ओलांडणाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या वेळी तेथे असावी, हा योगायोग लक्षणीय आहे.

‘सोल’ या शब्दाचा मूळ अर्थ आत्मा. ‘गॉस्पेल’ म्हणजे शुभवर्तमान. दोन्ही शब्द चर्चमधलेच. त्यांपैकी पहिला बाजारात गेला, दुसरा चर्चमध्ये राहिला, इतकाच काय तो फरक. सुरांच्या बाबतीतही असेच घडले. रे चार्ल्स यांनी १९५४ मध्ये एका गॉस्पेल गीताच्या चालीवर प्रेयसीविषयीचे गीत बसविले तेव्हा अनेक धर्मनिष्ठांस तो अधर्म वाटला. तथापि हा रोष शब्दांच्या अदलाबदलीवर होता. श्वास घेण्याची रीत, अक्षर लांबविण्याची रीत आणि ओची अपेक्षा या गोष्टी दोन्हीकडे समानच होत्या. १९६७ पासून अरेथाबाईंनी अटलांटिकसाठी गायिलेल्या प्रेमगीतांत मागे उभ्या असलेल्या गायिका ज्या तऱ्हेने त्यांच्या प्रत्येक ओळीला उत्तर देतात, तीत चर्चमधील मंडळीचीच छोटी आवृत्ती ऐकू येते. मंडळी वगळून गाणे त्यांना कधी ठाऊकच नव्हते.

दुसऱ्या रात्री सी. एल. फ्रँकलिन यांनी श्रोत्यांपुढे थोडे भाषण केले, आणि ते संचात समाविष्ट आहे. आपल्या मुलीने चर्च कधी सोडलेच नाही, असा त्याचा आशय आहे. हे उद्गार वडिलांच्या वात्सल्याचे म्हणून सोडून देण्याची प्रथा आहे. परंतु वर दिलेला वृत्तांत ध्यानी घेता ते वस्तुस्थितीचे कथन ठरते.

४

हे ध्वनिमुद्रण १३ व १४ जानेवारी १९७२, गुरुवार व शुक्रवार, या दोन रात्री झाले. स्थळ होते न्यू टेंपल मिशनरी बॅप्टिस्ट चर्च. एका जुन्या चित्रपटगृहात भरणारे हे चर्च शहराच्या दक्षिण भागात, वॉट्स वस्तीच्या परिसरात होते. याच भागात ऑगस्ट १९६५ मध्ये उसळलेल्या दंगलीत चौतीस माणसे मृत्युमुखी पडली होती. अरेथाबाईंची तेव्हाची कीर्ती पाहता मोठे प्रेक्षागृह सहज मिळाले असते. परंतु ओ द्यावयास शिकलेली माणसे चर्चमध्येच मिळणार, हे त्या जाणून होत्या.

सूत्रसंचालक व सहगायक होते रेव्हरंड जेम्स क्लीव्हलंड. शिकागोत डॉर्सींच्या छायेत वाढलेल्या या गृहस्थांनी पूर्वी न्यू बेथेलमध्येही संगीताची धुरा वाहिली होती, आणि बालवयातील अरेथाबाई पियानोवादनात त्यांच्याकडून शिकल्या होत्या. त्यांच्या सदर्न कॅलिफोर्निया कम्युनिटी क्वायर या गायकवृंदाचे दिग्दर्शन अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्याकडे होते. गिटारवर कॉर्नेल डुप्री, बासवर चक रेनी व ड्रमवर बर्नार्ड पर्डी हे अरेथाबाईंच्या नेहमीच्या साथीतील लौकिक संगीताचे वादक होते. दुसऱ्या रात्री श्रोत्यांत क्लारा वॉर्ड या ज्येष्ठ गॉस्पेल गायिका होत्या. अरेथाबाई त्यांना आपला आदर्श मानीत, आणि त्यांचे ‘हाऊ आय गॉट ओव्हर’ हे गीत या संचात आहे. इंग्लंडचे मिक जॅगर व चार्ली वॉट्सही त्या रात्री मागील बाजूस बसले होते. या ध्वनिमुद्रणानंतर दोन आठवड्यांच्या आतच महालिया जॅक्सन निवर्तल्या, आणि सुमारे वर्षभराने, जानेवारी १९७३ मध्ये, क्लारा वॉर्डही गेल्या. एक पिढी मावळत असताना तिच्या साक्षीने हे गायन झाले.

येथे संचातील क्रम आणि प्रत्यक्ष गायनाचा क्रम यांतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. संचाचा आरंभ होतो ‘मेरी, डोन्ट यू वीप’ या जुन्या आध्यात्मिक गीताने. प्रत्यक्षात पहिल्या रात्री अरेथाबाई पियानोपाशी बसून प्रथम गायिल्या ते मार्विन गे यांचे ‘होली होली’, म्हणजे अवघ्या एका वर्षापूर्वी, १९७१ मध्ये, निघालेल्या सोल संचातील गीत. संचात ते अगदी शेवटच्या भागात गेले. त्याचप्रमाणे ‘प्रेशस लॉर्ड’ हे गीत कॅरोल किंग यांच्या १९७१ मधील ‘यूव्ह गॉट अ फ्रेंड’ या लोकप्रिय गीताशी गुंफलेले आहे, आणि ‘यू’ल नेव्हर वॉक अलोन’ हे तर १९४५ च्या एका संगीत नाटकातील पद आहे. दोन्ही रात्रींचे संपूर्ण गायन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर मूळ क्रम सर्वांस कळला. चर्चमध्ये प्रवेश करताना अरेथाबाईंनी सोल संगीत दाराबाहेर ठेविले नव्हते. ते त्या बरोबर घेऊन आल्या होत्या, आणि मंडळीने पहिल्या गीतापासून त्यास ओ दिली होती. ‘परतण्या’ची कथा रूढ होण्यास संचातील हा बदललेला क्रमही काही अंशी कारण झाला असावा, असे मला वाटते.

आता दोन गीतांकडे जरा बारकाईने पाहू.

‘मेरी, डोन्ट यू वीप’ या गीतात योहानकृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायातील लाजाराची कथा आहे. वृंद ध्रुवपद धरून ठेवतो व अरेथाबाई कथा सांगतात. येशू मृत लाजाराला हाक मारतो त्या स्थळी त्या ते नाव तीनदा उच्चारतात. शब्द तोच, परंतु तिन्ही उच्चारांचे सूर, बळ आणि लांबी भिन्न आहेत. प्रत्येक हाकेगणिक मंडळीचा आवाज वाढत जातो. तिसऱ्या हाकेनंतर लाजार उठला की नाही हे कथेतील वाक्याने कळण्याच्या आधी मंडळीच्या आवाजावरून कळते. कथेतील मुख्य घटनेचे निवेदन येथे श्रोत्यांनी केले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत जवळजवळ अकरा मिनिटांचे आहे. त्याचे कवी जॉन न्यूटन हे पूर्वी गुलामांची वाहतूक करणाऱ्या गलबतांचे कप्तान होते. पुढे ते धर्मोपदेशक झाले. हे स्तोत्र त्यांनी १७७२ च्या अखेरीस रचले, ते १७७९ मध्ये छापले गेले, आणि आज प्रचलित असलेली चाल त्याला १८३५ मध्ये अमेरिकेत मिळाली. न्यूटन यांनी १७८८ मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लिहिले हे खरे. तथापि ज्यांचे पूर्वज तशाच गलबतांतून आणले गेले त्यांनी हे स्तोत्र आपले म्हणून गावे, यात इतिहासाचा विलक्षण फेरा आहे. हे आपलेपण त्यांनी शब्द बदलून मिळविले नाही. गाण्याच्या रीतीने मिळविले. पुस्तके दुर्मीळ होती त्या काळात एकाने ओळ सांगावी आणि सर्वांनी ती अत्यंत संथपणे, प्रत्येक अक्षराला अनेक वळणे देत गावी, अशी पद्धती या चर्चमध्ये रुजली होती. अरेथाबाईंचे गायन त्याच परंपरेतील आहे. पहिल्या काही शब्दांवरच त्या इतका वेळ थांबतात की वाक्याचा सांधा सुटतो आणि प्रत्येक शब्द एक स्वतंत्र वाक्य बनतो. त्या मोकळ्या जागा भरल्या जातात मंडळीच्या ओने. या गीताच्या वेळी क्लीव्हलंड यांना अश्रू आवरेनात व ते तोंड झाकून बसले. मंडळीला दिशा दाखविणारा सूत्रधारच त्या क्षणी मंडळीतला एक झाला.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. हा सारा प्रसंग मुळात ध्वनिमुद्रणासाठी योजलेला होता. श्रोत्यांना त्याची कल्पना होती. खेरीज चित्रपटाचे कॅमेरे व प्रखर दिवे समोर होते. मग त्यांची ओ स्वाभाविक कशी मानावी?

आक्षेप विचारात घेण्याजोगा आहे. हे ध्वनिमुद्रण असले तरी ही उपासनाच आहे, याचे स्मरण क्लीव्हलंड यांनी आरंभीच श्रोत्यांना करून दिले होते, आणि मोकळेपणाने साथ देण्यास सांगितले होते. तथापि सूचनेमुळे माणसे ओ देऊ लागतील. ती कोठे द्यावी हे सूचनेने ठरत नाही. संच लक्षपूर्वक ऐकल्यास असे आढळते की, ओ ही ओळीच्या अखेरीस ठराविक ठिकाणी पडत नाही. अरेथाबाई एखादे अक्षर अनपेक्षित दिशेने वळवितात तेथे ती पडते. कित्येकदा सूर पूर्ण होण्याच्या आधीच, तो कोठे जाणार हे ओळखून, पडते. एवढी नेमकी ओ पढवून घेता येत नाही. ती देण्यास गाणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे व्याकरण एकच असावे लागते.

६

प्रसिद्धीनंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. अमेरिकेतील सर्वसाधारण संचांच्या कोष्टकात हा संच पहिल्या दहांत गेला, आणि १९७३ मध्ये त्यास सोल-गॉस्पेल गायनाचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. चित्रपटाचे दैव मात्र निराळे होते. दिग्दर्शक सिडनी पोलॅक यांच्या पथकाने दोन्ही रात्रींचे चित्रण केले. परंतु चित्र व ध्वनी जुळविण्यासाठी प्रत्येक तुकड्याच्या आरंभी जी खुणेची फळी वाजवावी लागते, ती वाजविलीच नाही. ओठांच्या हालचालींवरून शब्द ओळखणाऱ्यांची मदत घेऊनही ते जुळेना, आणि चित्रपट पडून राहिला. पोलॅक २००८ मध्ये निवर्तले. ॲलन इलियट यांनी संगणकीय साधनांनी ध्वनी व चित्र जुळविले, तरी अरेथाबाईंनी न्यायालयाकरवी प्रदर्शन थांबविले. १६ ऑगस्ट २०१८ रोजी त्या कालवश झाल्या. त्यानंतर कुटुंबीयांच्या संमतीने तो चित्रपट नोव्हेंबर २०१८ मध्ये न्यूयॉर्क येथे दाखविण्यात आला.

तांत्रिक चुकीच्या या कथेतून आपल्या विषयावर प्रकाश पडतो. शेहेचाळीस वर्षे श्रोत्यांजवळ केवळ ध्वनी होता. मंडळी दिसत नव्हती. ऐकू येत होती. घरात तबकडी लावून बसलेल्या माणसाला त्या मंडळीत आपली जागा कल्पनेने शोधावी लागे, आणि जागा शोधण्याचे साधन होते ते म्हणजे इतरांची ओ. एकट्याने ऐकणाऱ्यासही कोठे श्वास रोखावा, कोठे सोडावा, हे त्या अनामिक आवाजांनी शिकविले. पाश्चात्त्य ध्वनिमुद्रिका सामान्यतः श्रोत्यास रिकाम्या दालनात बसवून गाणे ऐकविते. ही ध्वनिमुद्रिका त्यास भरलेल्या बाकावर थोडे सरकून जागा करून देते. ख्रिस्ती नसलेल्या, किंबहुना कोणताच धर्म न मानणाऱ्या श्रोत्यालाही ती आपली वाटते, याचे कारण माझ्या मते हेच. श्रद्धेचा आशय त्यास परका असेल; परंतु कोणी तळमळून बोलत असता दुसऱ्याने ‘होय, बोल’ असे म्हणणे हे कोणत्याच भाषेत परके नाही.

चित्रपट आल्यावर त्या आवाजांना चेहरे मिळाले. पियानोपाशी गात असलेल्या मुलीच्या कपाळावरील घाम वडील रुमालाने टिपतात, वृंदातील गायक बसल्या जागेवरून उठून उभे राहतात, ही दृश्ये नव्याने दिसली. तथापि वर्षानुवर्षे हा संच ऐकलेल्यांस त्यांत परके असे काही वाटण्याचे कारण नव्हते. जे त्यांनी कानांनी ओळखले होते तेच आता डोळ्यांपुढे आले.

या उदाहरणावरून संगीताच्या इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट शिकावयास मिळते. श्रोत्यांचे प्रेम ही कलाकृती पूर्ण झाल्यानंतर तिला चिकटणारी वस्तू आहे असे आपण धरून चालतो, आणि म्हणून तिचा शोध विक्रीच्या कोष्टकांत घेतो. येथे ते प्रेम कृतीच्या घडणीतच शिरलेले आहे. ते वगळले तर कृतीच उरणार नाही. त्या दोन रात्री बाकांवर बसलेल्या बहुतेक माणसांची नावे कोठेही नोंदलेली नाहीत. गायिका, वृंद, वादक, निर्माते यांची नावे वेष्टनावर छापली गेली. परंतु लाजाराला तिसरी हाक पडल्यावर प्रथम ओरडलेली व्यक्ती कोण होती, हे सांगणारा कागद नाही. तिचा आवाज मात्र आहे, आणि तबकडी लावली की तो आजही नेमक्या त्याच ठिकाणी ऐकू येतो. श्रोत्यांच्या इतिहासाची साधने कागदांइतकीच ध्वनीतही शोधावयास हवीत, एवढेच या निमित्ताने सुचवावयाचे आहे.